अक्षर मोठं की स्क्रीन मोठा?

लॅपटॉपच्या दुकानात चाळिशी ओलांडलेलं गिऱ्हाईक आलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘डोळ्यांवर ताण येतो हो, जरा मोठा स्क्रीन दाखवा.’ विक्रेता १५.६ इंची लॅपटॉप पुढे सरकवतो आणि ‘फुल एचडी आहे, अक्षर एकदम क्लिअर’ अशी खात्री देतो. शेजारच्या दुकानातला जुना जाणता माणूस नेमकं उलट सांगतो: ‘रिझोल्यूशन जास्त घेऊ नका, अक्षरं बारीक होतात.’ गिऱ्हाईक दोन्ही सल्ले घेऊन घरी जातं आणि भाच्याला फोन करतं. भाचा प्रोसेसर आणि रॅमबद्दल बोलतो.

गोंधळ होतो तो चार वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे. पॅनेलची लांबी-रुंदी, त्यावरच्या पिक्सेलची संख्या, विंडोज किंवा मॅक एक अक्षर किती पिक्सेलमध्ये रेखाटतं ते प्रमाण म्हणजे स्केलिंग, आणि डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर. पहिल्या दोन गोष्टी खोक्यावर छापलेल्या असतात. तिसरी सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटांत बदलता येते. चौथी कुणी विकत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलतही नाही. माझ्या मते कमजोर डोळ्यांसाठी सर्वांत मोलाची तीच आहे.

‘कमी रिझोल्यूशन घ्या’ हा सल्ला मुळात चुकीचा नव्हता, त्याचा काळ सरला इतकंच. काचेच्या नळीचे जुने मॉनिटर होते तेव्हा रिझोल्यूशन कमी केलं की अक्षर मोठं होई आणि फारसं बिघडत नसे. एलसीडी पॅनेलचे पिक्सेल मात्र कायमचे ठरलेले असतात. १९२०×१०८० च्या पॅनेलवर १२८०×७२० लावलं, तर प्रत्येक ठिपका दीड ठिपक्यावर ताणावा लागतो आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात. विंडोज एक्सपीच्या काळात अक्षरं मोठी करण्याची सोय होती, पण इतकी कच्ची की कितीतरी प्रोग्रॅमांत मजकूर चौकटीबाहेर जाई आणि बटणं अर्धी कापली जात. त्या दिवसांत १३६६×७६८ चा १५.६ इंची लॅपटॉप चष्मेवाल्यांना सोयीचा वाटे, कारण त्याचा एक पिक्सेल सुमारे पाव मिलिमीटरचा असतो. तेवढ्याच आकाराच्या फुल एचडी पॅनेलवर तो ०.१८ मिलिमीटर होतो. म्हणजे सेटिंगला हात न लावता जुन्या लॅपटॉपवरचं अक्षर चाळीस टक्क्यांनी मोठं.

मग चित्र बदललं. २०१२ मध्ये अ‍ॅपलने रेटिना डिस्प्लेचा १५ इंची मॅकबुक प्रो आणला. त्यात इंचाला २२० पिक्सेल होते, आणि अक्षर बारीक न करता ते जास्त रेखीव दाखवण्यासाठी सारे पिक्सेल वापरले होते. २०१३ च्या विंडोज ८.१ पासून प्रत्येक मॉनिटरला वेगळं स्केलिंग देता येऊ लागलं आणि विंडोज १० मध्ये ते बरंच सुधारलं. आज फुल एचडीवर १५० टक्के स्केलिंग लावलं, तर अक्षर त्या जुन्या लॅपटॉपपेक्षा किंचित मोठंच दिसतं आणि कितीतरी स्वच्छ. तरी जुना सल्ला टिकून आहे. वापरलेल्या लॅपटॉपच्या बाजारात १३६६×७६८ चे नग अजून याच जोरावर खपवले जातात. ते घेऊ नयेत, आणि त्याचं कारण केवळ रिझोल्यूशन नाही. त्यांतले बरेचसे पॅनेल टीएन जातीचे असतात. थोडं वरून किंवा बाजूने पाहिलं की त्यांचा रंग फिरतो, काळं अक्षर राखाडी दिसू लागतं. कमजोर नजरेचा माणूस स्क्रीनजवळ वाकतो तेव्हा चारही कोपरे त्याला तिरकसच दिसतात. आयपीएस पॅनेलवर हा त्रास जवळजवळ नसतो.

आता दोन लॅपटॉप शेजारी ठेवून पाहू. एक १५.६ इंची फुल एचडी, १५० टक्क्यांवर. दुसरा १६ इंची, २५६०×१६०० चा, २०० टक्क्यांवर. दोन्हींवर अक्षराची उंची जवळपास सारखी. दोन्हींवर मजकुरासाठी मिळणारी जागाही साधारण तेवढीच: पहिल्यावर १२८०×७२०, दुसऱ्यावर १२८०×८००. फरक एवढाच की पहिल्यावर जे अक्षर नऊ ठिपक्यांत बसवलं, त्याला दुसऱ्यावर सोळा ठिपके मिळतात. रांगोळीत ठिपके दाट मांडले की वळणं गोल येतात, तसं. जास्त रिझोल्यूशनने अक्षर बारीक होत नाही. स्केलिंग १०० टक्क्यांवर ठेवलं तरच होतं, आणि तसं ते कुणी ठेवू नये. धडधाकट डोळ्यांनीही नाही. १५.६ इंची फुल एचडीवर १०० टक्के ठेवलं तर मेनूतल्या लहान इंग्रजी अक्षराची उंची जेमतेम १.१ मिलिमीटर भरते.

हा आकडा किती लहान, ते कळायला नेत्रतज्ज्ञाच्या तक्त्याकडे जावं लागतं. डच नेत्रवैद्य हर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये केलेल्या त्या तक्त्याचा हिशेब असा, की ६/६ ओळीतलं अक्षर डोळ्यापाशी ५ कोनीय मिनिटांचा कोन करतं. ६० सेंटिमीटरवर ठेवलेल्या लॅपटॉपला हेच गणित लावलं तर उंची येते सुमारे ०.९ मिलिमीटर. हे अक्षर ६/६ नजरेला फक्त ओळखता येतं. तासभर वाचायचं तर निदान दुप्पट उंची हवी. ६/१८ नजर असेल तर ओळखण्यापुरतीच उंची २.६ मिलिमीटर लागते आणि वाचण्यासाठी सव्वापाच. ही उंची विंडोजच्या मेनूत आणायची तर स्केलिंग जवळपास ४८० टक्के करावं लागेल, आणि मग अख्ख्या स्क्रीनवर मजकुराला ४०० पिक्सेलची रुंदी उरेल. म्हणजे लॅपटॉपचा मोबाइल झाला!

हाच स्क्रीन ६० ऐवजी ३० सेंटिमीटरवर आणला तर २४० टक्के पुरतात आणि ८०० पिक्सेलची रुंदी मिळते. अंतर निम्मं केलं की अक्षर डोळ्याच्या दृष्टीने दुप्पट झालं. याच्यासमोर पॅनेलच्या आकाराचं योगदान पाहा. १४ इंचांवरून १५.६ वर गेलं तर, रिझोल्यूशन तेच ठेवून, अक्षर ११ टक्क्यांनी वाढतं. १४ वरून थेट १७.३ इंचांवर गेलं, पाठीवर किलोभर वजन वाढवलं, तरी वाढ २४ टक्क्यांचीच. लॅपटॉप ६० वरून ४५ सेंटिमीटरवर ओढला की ३३ टक्के मिळतात, फुकट.

फुकट, पण एका अटीवर. लॅपटॉपचा कीबोर्ड आणि स्क्रीन एकमेकांना जोडलेले असल्यामुळे स्क्रीन जवळ ओढला की कीबोर्ड पोटाला लागतो. मग माणूस ओढत नाही, मान पुढे काढून वाकतो. वर्षभरात मानेचा पट्टा येतो. साधा उपाय म्हणजे वेगळा कीबोर्ड, माऊस आणि लॅपटॉपखाली उंच स्टँड. स्क्रीन डोळ्यासमोर, हवा तितका जवळ, आणि हात खाली. लॅपटॉपच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. तरी लॅपटॉपसोबत बॅग फुकट मागणारे आपण कीबोर्ड मागत नाही.

दुसरी अट चष्म्याची. चाळिशीनंतर डोळ्याच्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचं पाहायला बाहेरून मदत लागते. पुस्तक आपण ४० सेंटिमीटरवर धरतो. तिथे लक्ष ठरायला २.५ डायॉप्टर लागतात. लॅपटॉप ६० वर असेल तर १.६७ पुरतात. पुस्तकासाठी केलेला चष्मा म्हणूनच लॅपटॉपला जुळत नाही. प्रोग्रेसिव्ह काचेत वाचनाचा भाग तळाशी असतो. त्यातून स्क्रीन पाहायला माणूस हनुवटी वर करतो आणि संध्याकाळी मान धरते. पुष्कळांचे डोळे ‘कमजोर’ नसतात, चष्मा चुकीच्या अंतराचा असतो. लॅपटॉप घेण्याआधी टेपने आपलं बसण्याचं अंतर मोजून तो आकडा चष्मा करणाऱ्याला द्यावा. ‘कॉम्प्युटरसाठी करा’ एवढं म्हणून भागत नाही. आणि मोतीबिंदू पिकत आला असेल तर पॅनेलचे नग चाळण्यात अर्थ नाही, आधी शस्त्रक्रिया उरकून घ्यावी. निळ्या प्रकाशाच्या चष्म्यावर पैसे घालवण्याचीही गरज नाही. कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात साध्या काचेच्या तुलनेत त्याने संगणकाच्या कामाचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही.

इथपर्यंतचं गणित ज्यांची अडचण फक्त धूसरपणाची आहे त्यांच्यासाठी. पण नजर कमी असण्याचे प्रकार अनेक, आणि एकाला लाभणारा स्क्रीन दुसऱ्याला बाधतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीच्या दोन कसोट्या आहेत. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ ते ३/६० च्या दरम्यान असणं ही एक, आणि दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी, १० अंशांपर्यंत आकसलेलं असणं ही दुसरी. लॅपटॉपच्या निवडीत या दोन कसोट्या माणसांना अगदी विरुद्ध दिशांना नेतात.

वयोमानाने दृष्टिपटलाचा मध्य झिजला असेल तर मोठं अक्षर हाच उपाय. तिथे मोठा पॅनेल, मोठं स्केलिंग, कमी अंतर, सगळं उपयोगी. पण वाढलेल्या काचबिंदूत किंवा रातांधळेपणाने सुरू होणाऱ्या रेटिनायटिस पिगमेंटोझात कडेचं दिसणं जातं आणि मध्य बराच काळ शाबूत राहतो. दृष्टिक्षेत्र १० अंश उरलेल्या माणसाला ६० सेंटिमीटरवरून एका वेळी साडेदहा सेंटिमीटरचं वर्तुळ दिसतं. १५.६ इंची स्क्रीनची रुंदी असते साडेचौतीस. अशा माणसाला घरच्यांनी प्रेमाने १७ इंची लॅपटॉप आणून दिला, तर तो माऊसचा बाण शोधण्यातच दमतो. त्याला १३-१४ इंची, रेखीव, दाट पिक्सेलचा स्क्रीन बरा, तोही हातभर दूर ठेवलेला, आणि अक्षर वाचता येईल तितकंच लहान. दुकानात कुणी हे सांगत नाही, आणि डोळ्यांच्या दवाखान्यात विचारायचं सुचत नाही.

जास्त मायनस नंबरवाल्यांची गोष्ट आणखी वेगळी. उणे ६ नंबराचा माणूस चष्मा काढला की सतरा-एक सेंटिमीटरवर लख्ख पाहतो, आणि चाळिशीनंतरही हा गुण टिकतो. असे कितीतरी लोक मोबाइल नाकाला लावून वाचतात. त्यात गैर काही नाही. त्यांना लॅपटॉपही लहान आणि दाट पिक्सेलचा लाभतो. एवढ्या जवळून फुल एचडीचे ठिपके मोजता येतात, म्हणून २८८०×१८०० चा १४ इंची पॅनेल त्यांच्यासाठी चैन ठरत नाही. उलट ६० सेंटिमीटरवर बसणाऱ्या ६/१८ नजरेच्या माणसाला तेवढे दाट पिक्सेल दिसणारच नाहीत. १५.६ इंचांतला फोर-के पॅनेल मला सरळ वायफळ वाटतो: किंमत जास्त, बॅटरी लवकर उतरते, आणि कमजोर नजरेच्या पदरात काही पडत नाही.

मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी मात्र या हिशेबात थोडी भर घालावी. देवनागरी अक्षराला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय अशी जागा सोडावी लागते. त्यामुळे त्याच पॉइंटात मधलं अक्षर रोमनपेक्षा लहान राहतं. त्यात ‘द्ध’ आणि ‘ध्द’, ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’, ‘रु’ आणि ‘रू’ यांतला फरक दोन-तीन पिक्सेलचा. इंग्रजी मजकूर १२५ टक्क्यांवर सुखाने वाचणाऱ्याला मराठीसाठी १५० लागतात ते यामुळे. टंकाचाही भाग आहे. विंडोज २००० सोबत आलेला मंगल हा र. कृ. जोशी यांनी घडवलेला टंक आपल्या सवयीचा. विंडोज ८ पासून निर्मला आला. वर्डमध्ये किंवा ब्राउझरमध्ये टंक निवडायची मुभा असेल तर मुंबईच्या एक टाइपचा मुक्त किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी लावून पाहावा. दोन्ही फुकट मिळतात, आणि मुक्तात तर बारीक ते ठसठशीत अशी अनेक वजनं आहेत. कमजोर नजरेला अतिबारीक रेघ चालत नाही आणि अतिजाडही नाही, कारण जाड टंकात जोडाक्षरांच्या पोटातली पोकळी भरून जाते. मध्यम किंवा त्याच्या एक पायरी वरचं वजन ठीक.

पॅनेलबद्दल थोडक्यात. पृष्ठभाग मॅट हवा. आपल्या घरांत ट्यूबलाइट बहुधा पाठीमागे किंवा डोक्यावर असते आणि चकचकीत काचेत ती अक्षरांवर उतरते. उजेड ३०० निट्सच्या खाली नको. स्वस्त लॅपटॉपांत २५० असतो आणि खिडकीजवळ तो फिका पडतो. ओएलईडीचा काळा रंग सुंदर, पण पुष्कळ ओएलईडी पॅनेल उजेड कमी केल्यावर वेगाने लुकलुकतात आणि काहींचं त्याने डोकं दुखतं. १६:९ पेक्षा १६:१० बरा, कारण वाढवलेल्या अक्षरांच्या चार ओळी जास्त मावतात. मोठ्या लॅपटॉपात उजवीकडे आकड्यांची पट्टी असते, तिच्यामुळे टाइप करणारे हात आणि डोकं स्क्रीनच्या मध्यापासून डावीकडे सरकतात. जवळ वाकून पाहणाऱ्याला उजवी कड त्यामुळे फारच लांब पडते. हिशेबाचं काम नसेल तर ती पट्टी नसलेला नग शोधावा.

डार्क मोडबद्दल एकच एक उत्तर नाही. निरोगी डोळ्याला पांढऱ्यावर काळं अक्षर सहसा सोपं जातं, कारण उजेडाने बाहुली लहान होते आणि प्रतिमा नेमकी होते. मोतीबिंदूवाल्याला किंवा वर्णहीनतेमुळे उजेड सहन न होणाऱ्याला काळ्यावर पांढरं सुसह्य होतं. सिलिंडरचा नंबर नीट दुरुस्त नसेल तर काळ्यावरचं पांढरं अक्षर पसरतं. दोन्ही दिवसभर वापरून ठरवावं.

सॉफ्टवेअरची बाजू गेल्या दहा वर्षांत बरीच सावरली. विंडोजमध्ये स्केलिंगखेरीज फक्त मजकूर २२५ टक्क्यांपर्यंत वाढवण्याची वेगळी पट्टी आहे, बाण मोठा आणि रंगीत करता येतो, आणि विंडोजची कळ व अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की मॅग्निफायर उघडतो. तरी बँकांत, सोसायट्यांत, वकिलांच्या कार्यालयांत जुने प्रोग्रॅम चालतातच, आणि ते दाट पिक्सेलच्या स्क्रीनवर एक तर मुंगीएवढे दिसतात नाही तर धूसर. प्रोग्रॅमच्या गुणधर्मांत जाऊन कंपॅटिबिलिटीखालची हाय डीपीआयची सेटिंग बदलली की काही सुधारतात, सगळे नाही. ज्याचा दिवस अशाच एखाद्या प्रोग्रॅमात जातो त्याने १५.६ किंवा १६ इंची साधा फुल एचडीच घ्यावा; तिथे कमी रिझोल्यूशनचा जुना सल्ला अजून खरा आहे.

लॅपटॉप बहुतेक वेळ घरच्या टेबलावरच असेल तर बाहेरचा मॉनिटर जोडणं सर्वांत शहाणपणाचं. २४ इंची फुल एचडीचा पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा, म्हणजे १५.६ इंची लॅपटॉपच्या दीडपट. हालणाऱ्या बाहूवर तो बसवला की हवा तेव्हा चेहऱ्याजवळ ओढता येतो. मग लॅपटॉप १४ इंची, हलका घेता येतो. वाचवलेल्या पैशांत मॉनिटर आणि बाहू दोन्ही येतात.

नजर ६/१८ च्या खाली असेल तर खरेदीआधी अल्पदृष्टी विभाग असलेल्या रुग्णालयात एकदा जाऊन यावं; हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात असे विभाग आहेत. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून चालणारं झेवियर्स रिसोर्स सेंटर दृष्टिबाधितांच्या तंत्रसाधनांवर काम करतं. ३/६० च्या आसपास पोचलेल्याने मोठ्या अक्षरांशी झुंजण्याऐवजी एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर शिकायला घ्यावा आणि डोळे चित्रांसाठी, माणसांसाठी राखावेत. त्याला लॅपटॉपचा आकार कुठलाही चालेल, कीबोर्ड मात्र चांगला हवा.

बाकी सर्वसाधारण, चाळिशी-पन्नाशीतल्या, चष्म्याने नजर ठीक होणाऱ्या वाचकासाठी माझी निवड १६ इंची, १९२०×१२००, आयपीएस, मॅट, ३०० निट्स, आणि स्केलिंग १५० टक्के. पैसे सुटत असतील तर तोच लॅपटॉप २५६०×१६०० मध्ये, २०० टक्क्यांवर. पैसे अपुरे असतील तर १५.६ इंची फुल एचडी घ्या, पण आयपीएसवर तडजोड नको आणि कीबोर्ड-स्टँड-चष्मा हे तिन्ही आधी.

दुकानात जाताना रोजचा चष्मा आणि टेप सोबत न्या. डेमोचा रंगीबेरंगी व्हिडिओ बंद करायला सांगा, स्केलिंग १५० वर न्या, एखाद्या मराठी दैनिकाचं पान उघडा आणि घरी बसता तेवढ्याच अंतरावर बसून अग्रलेख शेवटपर्यंत वाचा. विक्रेता घाई करू लागला तर उठा आणि पुढच्या दुकानात जा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्यांची कमतरता नाही.